पाठीवरचा डबा

आबा, येत्या रविवारी मी पाण्यात उतरणार आहे, तुला न विचारता. शाळेत आमच्या बाई सांगायच्या, वडिलांना अहो-जाहो करावं. आपल्या आळीत ते कधी नव्हतंच, तू तूच होतास. आज लिहायला बसले तेव्हा क्षणभर वाटलं, आता तरी अहो म्हणावं, ज्याचा राग आलाय त्या माणसाशी तेवढं अंतर बरं असतं. पण ते जमत नाही. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की भिंतीवरचा तुझा फोटो आता माझ्या बरोबरीचा दिसायला लागलाय, आणि मी मात्र अजून तुझ्याशी भांडायचं राहिलं म्हणून अडून बसले आहे. भांडण तसं जुनंच आहे. त्याचं खरं कारण मला परवा-परवा कळलं.

आधी शर्यतीचं सांगते, नाहीतर तुला वाटेल पोरगी खाडीत जीव द्यायला निघाली. एकाच दिवशी, एकामागून एक, आधी दोनेक किलोमीटर पोहायचं, अंग पुसायचीही सवड न घेता सायकलवर बसायचं आणि नव्वद किलोमीटर मारायचे, आणि सायकल ठेवून एकवीस किलोमीटर धावायचं. "कनाला?" कशासाठी, असं तू विचारलं असतंस, आणि त्याला माझ्याकडे धड उत्तर नाही. मी चाळिशी ओलांडलेली बाई आहे, मुलांना विज्ञान शिकवते, गुडघ्याला पट्टा बांधते. वर्षभर उजाडायच्या आत सायकल घेऊन घोडबंदर रोडला लागते, कारण एकदा गाड्या सुरू झाल्या की तिथे चालणाऱ्यालाही जागा नसते. गायमुखचा चढ चढून परत येते, सायकल वॉचमनच्या खोलीशी लावते आणि तशीच पळायला लागते. पहिल्या दिवशी पाय कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे पडत होते. आता पडत नाहीत. सायकल मला येते, धावणं येतं. पाणी तेवढं माझ्या बाजूने नाही. आणि नेमकं पाणीच पहिलं आहे. दिलेल्या वेळात पाण्याबाहेर आला नाहीत तर तुम्हाला बाजूला घेतात, तुमची सायकल तिथेच उभी राहते, आणि वर्षभराची सगळी मेहनत म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. म्हणजे माझं सगळं अडलंय ते तुझ्या त्या तळ्यापाशी.

सगळं कोपरी गाव तुला ओळखायचं ते पोहणं शिकवणारा म्हणून. लहानपणी मिठागरात राबलास, पुढे कारखान्यात लागलास, पण तुझं खरं काम रविवारी सकाळी आळीमागच्या तळ्यावर. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, तोंड डांबराने बंद केलेलं, काथ्याच्या दोरीने पोराच्या पाठीवर बांधायचास आणि द्यायचास ढकलून. पोरगं नाकातोंडात पाणी घेत, हातपाय मारत, डब्याच्या भरवशावर तरंगायला लागायचं. पलीकडे धुण्याचा मोठा दगड होता. तिथपर्यंत जो गेला तो पास. तू शाबास म्हणायचा नाहीस कुणाला. पायरीवर बसलेला असायचास, पोराने दगडाला हात लावला की उठून उभा राहायचास, लुंगी झटकायचास, बस. तेवढ्यासाठी पोरं जीव टाकायची. मोठ्या भावासाठी तुला उभं राहिलेलं मी पाहिलंय, शेजारच्यांच्या पोरांसाठी पाहिलंय. मी सगळं पाहिलंय, कारण मी काठावर कपडे सांभाळायला असायचे. "कपडे बघ तू. पोरीनी पान्यान नाय उतराचं." एवढंच तुझं शिकवणं माझ्या वाट्याला आलं, आणि ते मी वर्षानुवर्षं इमानाने ऐकलं. सगळ्या आळीच्या चड्ड्या-बनियनांची राखण केली.

आणि मग ती दुपार. तू जेवून पडला आहेस, आई भांडी घासते आहे. धाकट्या भावाचं शिकणं तेव्हा चालू होतं, त्याचा डबा पडवीत खुंटीला लटकलेला आहे. मी तो काढते, धाकट्याला सोबत घेते. तळ्यावर चिटपाखरू नाही. तो माझ्या पाठीवर दोरी आवळतो, गाठ दोनदा ओढून बघतो, अगदी तुझ्यासारखी. मी पायरीवरून पाण्यात बसते आणि मग पाय सोडते. इतकी वर्षं बघून बघून हातांना सगळं पाठ होतं रे. पहिली घाबरगुंडी ओसरली तशी मी निघाले. दगड दिसतोय, आणखी थोडा जवळ दिसतोय, अंग हलकं झालंय, आणि मला हसू येतंय. तेवढ्यात मागून तुझी हाक. मी वळून बघते तर तू कपड्यांसकट पाण्यात. तुला तसा येताना बघून मी जी भ्यायले ती पाण्याला अजिबात नाही, तुला. तोंड उघडलं, पाणी गेलं, आणि तू माझे केस धरलेस.

पुढचं मला नीट आठवतं, कारण ते मी हजारदा आठवलंय. तू मला पायरीवर आपटलंस. दोरी सोडलीस. डबा तिरका केलास, त्यातून पाण्याची धार लागली, ती संपेपर्यंत तू तसाच धरून उभा होतास. मग माझ्याकडे बघितलंस. आणि मग मारलंस, जमलेल्या सगळ्यांसमोर. बायका म्हणाल्या, बाप होता म्हणून पोर वाचली. संध्याकाळी तू बाजारातून माझ्यासाठी लाल सँडल आणलेस, कारण त्या गडबडीत माझ्या चपला तळ्यात गेल्या होत्या. हातात देत म्हणालास, "आता हे भिजवू नकोस." आयुष्यात तू मला स्वतःहून आणून दिलेली ती एकच वस्तू, आणि तिच्यातही तू मला काठावर बांधून ठेवलंस. मी वेडी, बोटं बाहेर येईपर्यंत ते सँडल घातले.

त्या दिवसापासून मला एक गोष्ट पक्की माहीत झाली. मला पोहता येत नाही. डब्याने तारलं तेवढं तारलं, पुढे बापाने. हे मी इतकी वर्षं लोकांना हसत सांगत आले. सहलीला गेलो तर मी वाळूवर, पिशव्या सांभाळायला. त्यातला सराव दांडगा होता माझा. शेवटी गेल्या वर्षी माझ्या निम्म्या वयाच्या कोच पोरीच्या हाती सापडले, तिने तरणतलावात पहिल्यापासून शिकवलं. तलावात जमलं, कारण तळाच्या फरशा दिसतात. मग तिने आम्हाला कल्याणच्या पुढे उल्हास नदीत नेलं. कमरेला नारिंगी फुगा बांधलेला असतो, तो आपल्यामागे तरंगत येतो, दमलात तर धरायचा. खाली काळं पाणी, तळ नाही. मी अर्ध्यातून उलटी फिरले आणि तो फुगा पोटाशी धरून रडत राहिले. कोच पोहत आली. "ताई, पॅनिक नका होऊ ना यार. मस्त जात होता तुम्ही. फुग्याला तर हातपण नाही लावला." मी म्हटलं, "बाळा, मला येत नाही. लहानपणी बुडाले होते मी." शर्यतीत फुगा नसणार, हे तिने हळूच सांगितलं. मी तिथल्या तिथे ठरवलं होतं, नाव काढून घ्यायचं.

दुसऱ्या दिवशी सायकल मारून झाल्यावर, घरी जाण्याआधी एकदा आईला भेटावं म्हणून कोपरीला गेले. धाकट्याने दार उघडलं. घाम वाळून माझ्या टी-शर्टवर पांढरे पट्टे उठले होते. "काय गो ताय, पाठीवर मिठागर उघडलंस काय?" म्हणून तो हसला, चहा टाकायला गेला. ओट्याशी उभ्या उभ्या मी त्याला सांगितलं, शर्यतीचं रद्द, पाण्याची भीती जात नाही, त्या डब्याच्या दिवसापासून बसली ती बसलीच. तो गाळणं हातात धरून वळला. "कोणत्या डब्याच्या? माझ्या? अगो, त्याचं भोक आबानी आधीच मोकलं केलेलं. मना पन मागनं कललं."

मला काही कळेना. तेव्हा त्याने सांगितलं. डब्याला खालून एक बारीक भोक असायचं, डांबराने बुजवलेलं. पोराचे हात चालायला लागले असं तुला दिसलं की तू गुपचूप ते डांबर काढायचास. पुढच्या रविवारी पोरगं निघायचं डब्याच्या भरवशावर, आणि अर्ध्यात डबा पाण्याने भरलेला असायचा. पोराला पत्ता नसायचा. दगडाला हात लावून आलं की तू त्याला पायरीमागे नेऊन डब्यातलं पाणी ओतून दाखवायचास. ज्याला कळलं त्याने मागच्याला सांगायचं नाही, असा तुमचा नियम. सगळ्या पोरांनी तो पाळला. मला कुणी सांगितलं नाही, कारण मी त्या रांगेत कधी नव्हतेच. "तुना ठाव नव्हतं?" धाकटा म्हणाला. "मना वाटलं आबानी नंतर तरी सांगितलं असंल. तू पार तिकरं दगडापाशी गेलेलीस गो. डबा भरलेला. तू पोहत होतीस." चहा उतू गेला, तो आम्ही दोघांनी पुसला.

तर आबा, तुला माहीत होतं. मी तीच गोष्ट पुन्हा पुन्हा उलटीसुलटी करून बघते आहे, दुसरं काही निघत नाही. डबा तिरका करून त्यातलं पाणी संपेपर्यंत तू उभा होतास. मोजून घेत होतास ना, की किती भरला होता? दुसऱ्या कुणाला तू हेच पाणी ओतून दाखवलं असतंस. मला त्याच पाण्याबद्दल मारलंस. तू मला पोहायला शिकवलं नाहीस हे मी कधीच माफ करून टाकलं होतं, तेव्हा कोण शिकवत होतं मुलींना. पण मला येत होतं ते तू माझ्याकडून काढून घेतलंस, तुला कळत असताना, आणि वर बाजारातून सँडल आणलेस. आई अजून तुझीच बाजू घेते. म्हणते, "अगो, बुडालेली मानसं काढलीत त्यानं खाडीतनं. त्याला भ्या वाटायचं." मी आईला विचारलं, मग दोन्ही मुलगे त्याच पाण्यात ढकलताना कुठे गेलं होतं ते भय? ती देवापुढची वात सारखी करायला लागली.

त्यानंतरच्या रविवारी मी पुन्हा नदीवर गेले. फुग्याचा पट्टा सोडून काठावरच्या दगडावर ठेवला. कोच म्हणाली, "नक्की ना ताई?" मी म्हटलं, नक्की. तुला वाटेल, मोठा आनंद झाला असेल. काही नाही झाला. पूर्ण अंतर मी रागात पोहले, पाणी नाही, तुलाच मारते आहे अशी. बाहेर आले तेव्हा ती घड्याळ दाखवून उड्या मारत होती, वेळ बसत होती. मी गाडीआड जाऊन बसले. मला एवढंच दिसत होतं, की हे सगळं त्या दुपारपासून माझं होतं. कॉलेजातल्या सहली, मुलांबरोबरचे समुद्र, सगळीकडे मी पिशव्या घेऊन बसले होते.

तळं आता बघायला नाहीस ते बरं. सभोवती रेलिंग, चालायला फरशी, पाण्यात कारंजं आणि फलकावर लिहिलंय, पोहण्यास सक्त मनाई. आता ती सगळ्यांनाच आहे. मी तिथे उभी राहून मोठ्याने हसले, फिरायला आलेले आजोबा दचकले.

उद्या सायकल गाडीवर चढवायची, परवा तिकडे पोचायचं. हा कागद बरोबर न्यायचा नाही एवढं ठरवलंय, भिजेल. धाकट्याकडेही देणार नाही, तो तुझ्या फोटोमागे ठेवेल आणि मग तुझं-माझं मिटलं असं सगळ्यांना वाटेल. ते मिटलेलं नाही. शेवटचं एक राहिलंय. कोच माझ्यावर एकाच गोष्टीवरून चिडते. म्हणते, ताई, तुम्ही श्वास घ्यायला नेहमी काठाकडेच का वळता? जाताना डावीकडे, येताना उजवीकडे. मान दुखेल, वेळ जातो. काठावर आहे कोण? मी तिला सांगितलं, कुणी नाही, सवय आहे. खोटं सांगितलं. मी दर वेळी बघते, तू पायरीवरून उठलास का.