दोघांनाही दिसलं पाहिजे

रविवार, १७ मे

प्रिय मेनीरताई,

वर्षभर पत्र नाही, फोन नाही, याबद्दल आधी माफी मागतो. (नाताळचं कार्ड पाठवलं होतं, पण त्यावर नुसती सही होती, तेव्हा ते धरत नाही.) तू, भावोजी, रेक्सममधली बाग, सगळं ठीक असेल अशी आशा आहे. गुडघा कसा आहे? हे निव्वळ काळजीपोटी विचारतोय असं लिहिणार होतो, पण ते पूर्ण खरं नाही. मी बरा आहे, म्हणजे दुपारपासून एका जागी बसलेलो नाही. हे पत्रही स्वयंपाकघरात उभ्यानं लिहितोय आणि दर दोन ओळींनी दारापर्यंत जाऊन येतोय.

आज आपली फुलपाखरांची शर्यत झाली. गेल्या वर्षी त्या पांढऱ्या फुलपाखरावरून आपलं वाजलं आणि तू चहाही न घेता गाडी काढलीस, त्यामुळे यंदा तुला विचारायचा धीर झाला नाही. जोडीला शेजारच्या इद्वलकाकांना घेतलं. पोस्टमन होते, म्हणून पाय मजबूत. नियम त्यांना पुन्हा पुन्हा समजावले: कड्यावरच्या वाटेनं चॅपेलपर्यंत धावायचं, वाटेत दिसलेल्या प्रत्येक जातीमागे एक मिनिट वजा, पण फुलपाखरू दोघांनाही दिसलं पाहिजे आणि नावावर दोघांचं एकमत हवं. फोटो चालत नाही, शब्द चालतो. काका म्हणाले, "एकमताची काळजी तू करूच नकोस."

ती करायला हवी होती. पहिल्याच फाटकाशी मी मागच्या जोडीसाठी दार धरलं, तर तिच्या मागून दुसरी आली. आता तिच्या तोंडावर दार कसं सोडणार? सगळे आभार मानत पुढे गेले आणि मी 'त्यात काय, त्यात काय' म्हणत मागे राहिलो. (हा सभ्यपणा की धावायचा कंटाळा, याचा मी पुढचा अख्खा चढ विचार करत होतो.) पलीकडून काका ओरडले, "अरे हेफिन, शर्यत आहे ही, लग्नातल्या पाहुण्यांचं स्वागत काय करतोयस?"

पुढे वारा पडला, ऊन आलं आणि फुलपाखरं निघाली. मी बोट उचलायच्या आत काका "दिसलं!" म्हणून मोकळे. नाव सांगितलं की "तेच ते!" मला शंका आली. परीक्षा म्हणून काटेरी झुडपात अडकलेल्या वेफर्सच्या पिशवीकडे बोट दाखवलं. काका धापा टाकत म्हणाले, "वा! काय रंग आहे!"

मग खाडीवरच्या वळणावर एक पांढरं फुलपाखरू गुलाबी रानफुलावर बसलं. पंख मिटलेले. नारिंगी टोकवाल्याची मादी (जिच्या मेलीच्या पंखांना नारिंगी टोकच नसतं), की हिरव्या शिरांचा पांढरा? मी गुडघ्यावर बसलो. पंखाखालचा हिरवा रंग ठिपक्याठिपक्यांचा वाटला, मग वाटलं, नाही, शिरांवरूनच गेलाय.

"काका, तुम्हाला काय वाटतं?"

"तू म्हणशील ते."

"पण मी काहीच म्हणत नाहीये!"

"मग तेही मान्य. पाण्याची बाटली कुठंय?"

फुलपाखरू उडून गेलं. चॅपेलशी एलुनेडबाई गळ्यात घड्याळ अडकवून उभ्या होत्याच. मी तोंड उघडायच्या आत काकांनी स्वतःला पाठ असलेली झाडून सगळी नावं सांगितली, त्या पांढऱ्याची तर दोन्ही. इतकी मिनिटं वजा झाली की आम्ही पहिले! बक्षिसाचा तो टवका उडालेला दुधाचा जग माझ्या हातात आला, टाळ्या झाल्या, आणि मी म्हणालो, "माझी हरकत आहे." एलुनेडबाई म्हणाल्या, "कुणावर?" मी म्हटलं, "आमच्यावर."

काका रागावले नाहीत. म्हणाले, "बरोबर आहे तुझं." ताई, मला त्याच वेळी तुझी फार आठवण झाली. तू ठामपणे 'नाही' म्हणालीस की आपल्याला नेमकं काय दिसलं ते मला कळतं. कुणी नुसतं हो म्हणत राहिलं की माझ्या डोळ्यांवरचा माझाच विश्वास उडतो.

भावोजींना नमस्कार. दुखऱ्या अंगाला सुगंधी मलम फासून फिरणारा,

तुझा भाऊ
हेफिन

ता. क. एलुनेडबाईंचा निकाल सांगायचा राहिला. "येत्या रविवारी पुन्हा धाव, आणि नाही म्हणता येणारं माणूस घेऊन ये. नाहीतर जग दुसऱ्या आलेल्या जोडीचा." असं माणूस मला एकच माहीत आहे. येतेस? शनिवारी स्टेशनवर घ्यायला येतो. गुडघा कुरकुरत असला तर चालत जाऊ. जग गेला तरी चालेल.

ता. ता. क. आल्यावर पुन्हा वाजण्यापेक्षा आत्ताच सांगतो: गेल्या वर्षीची ती नारिंगी टोकवाल्याची मादीच होती.

उद्या: तुझ्यासाठी मागच्या खोलीतल्या पलंगावरची सायकल खाली उतरवणे.