शरदचं ऑडिट

निगडी, प्राधिकरण
२४ नोव्हेंबर २०२४

ती. मधुताईंना,
सा. न. वि. वि.

आमच्या सोसायटीवर मोठं संकट कोसळलंय: माझा मिक्सर. सकाळी सातच्या आत तो लावू नये, असा ठराव गेल्या रविवारी एकमताने पास झाला. लिफ्ट दिवाळीपासून बंद आहे, त्यावर मात्र मतभेद होते. मी गप्प बसले. खोटं वाटेल तुम्हाला. तुमच्या भावाच्या अन्ननलिकेत कॅन्सरने जेवढी वाट ठेवलीय तेवढ्यातून पातळच उतरतं, म्हणून पोहे, वरणभात, सासूबाईंच्या पद्धतीची आमटी, सगळं आमच्याकडे एकाच रंगाचं होतं, हे काही सभेपुढे नव्हतं.

निगडीहून इथल्या इथे रावेतला पत्र कशाला, म्हणाल. समोरासमोर मी कशी बोलते ते दिवाळीत दारातच ऐकलंत. चकल्यांचा डबा तुमच्या हातून घेतला आणि म्हणाले, "घोट उतरत नाही त्याला चकल्या?" तेव्हापासून आला नाहीत. बरोबरच आहे.

बाकी बातमी अशी. हॉस्पिटलात अपेक्षा नावाची एक मुलगी येते. या कॅन्सरच्या पेशंटचं जगणं कितपत जगण्यासारखं राहिलंय, ते आकड्यात मोजायचा त्यांचा अभ्यास चाललाय. शरदची सगळी नोकरी चाकणच्या कारखान्यात, क्वालिटी खात्यात गेली. त्याला वाटलं, ऑडिट आलं. कंपनीत आदल्या दिवशी मशिनं पुसतात, बाद माल मागे लपवतात. तसं यानं दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, उलटीचा टॉवेल माझ्या पिशवीत कोंबला. दुखतं का? नाही. झोप? छान. शंभरात आजची तब्येत किती? नव्वद. मी बघतच राहिले, तर कानाशी म्हणाला, "कमी सांगितलं की लाइन बंद करतात."

मला तिनं त्याच्याआधी बाहेर, एकटीला विचारलं होतं. समजा काका असेच दहा वर्षं राहतील. त्याऐवजी पूर्ण बरे होऊन कमी वर्षं मिळणार असतील, तर त्यांच्या वतीने किती वर्षं सोडाल? कोथिंबिरीच्या जुडीसाठी करते तेवढीही घासाघीस केली नाही मी. नऊ म्हणाले.

मग माझ्यादेखत तेच त्याला विचारलं. तो म्हणाला, "एकही नाही."

हेही ऑडिटसाठीच, असं मी धरून चालले. घरी आल्यावर टोमणा मारला, "पास झालास बाबा." तर म्हणतो, "बाकीचं सगळं ऑडिटसाठी होतं गं. तेवढं एक खरं सांगितलं."

"असं? दहा वर्षं? काय करणारेस?"

"तू दार लोटून ओट्याशी उभ्यानं जेवतेस. कळत नाही होय मला? समोर बसून जेव. मी बघेन."

दुसऱ्या दिवशी अपेक्षाला फोन करून म्हटलं, माझं उत्तर बदल. ती गोड आवाजात म्हणाली, काकू, यात चूक-बरोबर काही नसतं. पोरीला कोण सांगणार.

डॉक्टर वर्षांचं बोलतच नाहीत. संक्रांतीचं विचारलं, तर चष्मा पुसत बसले.

तेव्हा ताई, या. राग घेऊनच या, इथे आल्यावर काढा. फक्त माझे ते नऊ त्याला सांगू नका.

आज दुपारी कपाटावरचा तुमचा डबा काढला. त्याच्या पलंगासमोर पाट मांडला, भात वाढून घेतला, बाजूला दोन चकल्या. त्याच्या हातात त्याचा पेला. मी हळूच, ओठ मिटून चावत होते. "आवाज येऊ दे," म्हणाला. मग येऊ दिला. थोड्या खवट झाल्यात, पण मोडताना अजून वाजतात. तो डोळे मिटून ऐकत होता, आणि मी ताटातलं शीतही टाकलं नाही.

समोर बसून जेवलेली,
तुमची
शुभदा