वॉग म्हणजे काय

राबिघ, सौदी अरेबिया,
९ जानेवारी २०२४

चि. उझमास, अनेक दुआ.

माझ्यासोबत काम करणारा शाहिद सुट्टीवर दापोलीला येतोय, त्याच्या हाती हे पत्र. फोनवर बोललो असतो तर खोलीतल्या सहा जणांनी ऐकलं असतं. तू शाळेत इंग्रजी शिकवतेस म्हणून विचारतो. आमच्या ठेकेदाराने नवा सुपरवायझर आणलाय, बार्टन नावाचा, साठीचा ब्रिटिश. तो मला ‘वॉग’ म्हणतो. अर्थ विचारला तर म्हणाला, पूर्वेकडचा थोर सद्गृहस्थ. ‘वर्दी ओरिएंटल जंटलमन’ या इंग्रजी शब्दांची ही आद्याक्षरं. मी थँक्यू म्हटलं. बाकीचे हसले. का हसले ते लिही. तुझ्या आईला यातलं काही सांगू नकोस.

माया असू दे.
तुझा अब्बा,
हाशम

दापोली,
२८ जानेवारी २०२४

ती. अब्बांस, उझमाचा सलाम, वि. वि.

तीन कागद फाडले, हा चौथा. आद्याक्षरांची ती गोष्ट मागाहून रचलेली आहे, अब्बा. ही शिवी आहे, जुनी. ब्रिटिश लोक सावळ्या परक्या माणसांना हिणवायला वापरत. ती आली कुठून हे नक्की कुणाला ठाऊक नाही. पुष्कळ जण म्हणतात, पोरांच्या चिंध्यांच्या काळ्या बाहुलीच्या इंग्रजी नावावरून, त्याच्या शेवटी हाच शब्द येतो. तुम्ही थँक्यू म्हटलंत, ते मला वाचवेना. परत या म्हणणार होते, पण धाकट्या उमैरचं कॉलेज संपायला दोन वर्षं आहेत. पत्र शाहिदभाईंकडेच देतेय. जिवाला जपा, राग मानू नका.

तुमची,
उझमा

राबिघ,
१७ फेब्रुवारी २०२४

चि. उझमास, अनेक दुआ.

खरं सांगू, त्यांच्या हसण्यावरूनच कळलं होतं. तुझ्याकडून काही वेगळं निघेल अशी आशा होती, इतकंच. जेवणाच्या सुट्टीत बार्टनला सगळ्यांदेखत सांगितलं की माझं नाव हाशम आहे. तो म्हणाला, गंमत होती. मी म्हटलं, आता खलास, पुरे झाली. तेव्हापासून तो हाकच मारत नाही, बोटाने खुणावतो. चालेल. भांडायला अंगात त्राण नाही गं.

त्या दिवशी खोलीवर आलो तर आमचा सफाईवाला व्हरांडा झाडत होता. नेपाळी आहे, माझ्याच वयाचा. चार वर्षं आम्ही त्याला ‘ए बहादूर’ म्हणतोय. मी त्याला त्याचं नाव विचारलं. तो घाबरला, कुणी तक्रार केली असं वाटलं त्याला. झाडू भिंतीला टेकवून त्याने इकाम्याचं, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याचं, कार्ड काढलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. त्यावर हरिहर लिहिलं होतं. कार्ड परत देताना मला त्याच्याकडे बघवेना.

सगळ्यांना सलाम. आठवण काढत जा.
तुझा अब्बा,
हाशम