बहिरी लिहा, मुकी नको

बापाच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने. मी, एदुविहेस मायरेना, विधवा, वय एकाहत्तर, काम घर सांभाळणे, राहणार हिनोतेपे, निकाराग्वा. डॉक्टरांनी सांगायचे ते सांगितले आहे. डोके ठिकाणावर आहे. हे लिहायला कोणी भरीस घातले नाही, उलट अडवलेच.

१. राहते घर, मागच्या संत्र्याच्या झाडासह, माझी मुलगी ग्लेंडा हिला एकटीला. वकीलसाहेबांनी मसुद्यात 'माझी दुबळी मुकी लेक, देवाचे लेकरू, मामाच्या छत्राखाली' असे घातले होते. मी खोडले. ते म्हणाले, "बाई, मायेनं लिहिलंय हो." असेल. पण दुबळीचे घर मामा सांभाळतो, आणि सांभाळता सांभाळता विकतो. देवाची लेकरे तर आपण सगळीच.

२. ग्लेंडा चौतीस वर्षांची आहे, शाळेचे गणवेश शिवते. काय लिहू, म्हणून मी तिलाच विचारले. तिने हातांनी सांगितले, "बहिरी लिही. मुकी नको, मी बोलते की. तूच म्हणतेस, जरा हात थांबव, जेवू दे." तेव्हा बहिरी. शिवणयंत्र तिच्या कमाईचे आहे. ते माझे नाही, म्हणून देत नाही.

३. भाऊ रिगोबेर्तो यास मका वाटायचा पाटा. त्याच्या बायकोने तो कधीच नेला आहे. आता परत मागत नाही.

४. मारियामातेची मूर्ती देवळाला. खाली अंथरायचे कापड ग्लेंडाने शिवलेले आहे, ते बदलू नये.

५. मी गेल्याचे सांगत भोंग्याची गाडी फिरेल, ती तेओफिलोंचीच असावी. नवऱ्याच्या वेळी त्यांनी गल्लोगल्ली सांगितले, 'मागे एक बिचारी मुकी पोर.' लोक आले. तिच्या हातात जुने कपडे ठेवले, डोक्यावरून हात फिरवला. बाप तिचा गेला होता, पण सांत्वन फक्त माझे झाले. या खेपेला मजकूर असा: 'मागे मुलगी ग्लेंडा, शिवणकाम करणारी. भेटायला जाल तर समोर उभे राहून बोला.' याहून एक शब्द जास्त नको.

हे वाचून दाखवले तेव्हा रिगोबेर्तो हजर होता. म्हणाला, "अगं ताई, घरादाराचं तिला काय कळतंय?" ग्लेंडा समोरच बसून त्याच्या ओठांकडे बघत होती. तिने हातांनी उत्तर दिले, सावकाश, दोनदा. त्याने माझ्याकडे पाहिले. इतक्या वर्षांत मामा तिची भाषा शिकला नाही. मी अर्थ सांगितला नाही. इथेही लिहीत नाही.

सही: एदुविहेस मायरेना
साक्षीदार: तेओफिलो गुतिएरेस, भोंग्याच्या गाडीचे मालक
साक्षीदार: कांदिदा उमान्या, शेजारीण
हिनोतेपे, २९ नोव्हेंबर २०११