पंपातला गवती चहा

बाबा,

कॉम्प्युटर पाण्याने थंड ठेवणारा नवा रेडिएटर जाड निघाला, जुने स्क्रू पुरत नाहीत, म्हणून बाजारात चाललोय. जेवायला येईन. टेबलावर माझा कॉम्प्युटर उघडा आहे. पाणी कुठे गळतंय का ते बघायला नुसता पंप चालू ठेवलाय. खालचा टिश्यू ओला दिसला तर बटण बंद करा. फ्रिजमधलं निळं पाणी त्याचं आहे, चुकूनही तुमच्या गार तेरेरे चहात घालू नका, विषारी आहे.

एक विचारायचंय. काल रात्री कॉम्प्युटर चालू केला तर तापायला लागला, म्हणून जुनं पाणी काढलं, तर ते पिवळट निघालं आणि वास चक्क गवती चहाचा! प्रोसेसरवरचा तांब्याचा ठोकळा उघडला, तर त्याच्या केसाएवढ्या फटींत पातीचे तुकडे अडकलेले. सकाळपासून डोकं खाजवतोय. चार महिने मी एन्कार्नासिओनला आत्याकडे होतो, कॉम्प्युटर बंद होता. आई तेरेरेच्या थर्मासात पुदिना घालते. गवती चहा घालणारा या घरात एकच माणूस आहे.

तुमच्या हाकेला ओ न देता मी गेलो, त्या दिवशी तो माणूस ओरडला होता, "हा डबा भंगारात टाकीन!" मग त्याच डब्याच्या टाकीतलं पाणी उतरलंय हे त्याला दिसलं कसं? आणि किती वेळा भरलं त्याने? रागावलो नाहीये, खरंच जाणून घ्यायचंय.

टाकीच्या काचेवर रेघ मारून ठेवलीय. पाणी तिच्याखाली गेलं तर थर्मास आणू नका. मला हाक मारा. या वेळी ओ देईन.

एवेलिओ