पाऊण वाजताची भरती

३ एप्रिल, शुक्रवार

घातलं माझ्या गळ्यात! यंदाचं, अठरा तारखेच्या शनिवारचं किक-ऑफ म्हणे मी करायचं. आमच्या नऊ विक्रीवाल्यांना वर्षाच्या सुरुवातीला एक दिवस एकत्र बसवायचं आणि पेटवायचं. "समिधा, खर्च कमी, जोश जास्त," इति आमचे शाखाप्रमुख मेहुल सर. विकतो काय आम्ही? मासळी-भाजीच्या प्लास्टिकच्या पेट्या. त्यात जोश कुठून आणू?

गेल्या वर्षीचं अजून डोळ्यांपुढे आहे. एसी हॉल, संपता संपेनात अशा स्लाइडा, आणि जेवणाच्या आधी सरांनी उभं राहून वाचलेली यादी — विक्रीत पहिला कोण, शेवटचा कोण. शेवटचं नाव विनोददादाचं. तो न जेवता निघून गेला. आठवड्यात राजीनामा. मला हे काम त्यानेच शिकवलं होतं.

यंदा शेवटी नवी मुलगी आहे, बुधी. यादी मीच टाइप केलीय ना!

६ एप्रिल

एकेकाला फोन करून विचारलं, कार्यक्रमात काय हवं? दोघांना वाटलं मी थट्टा करतेय. जितेश म्हणाला, "बाहेरचा भाषणवाला आणू नकोस, बाकी काहीही चालेल."

बुधीचं वेगळंच. ती विक्रमगड-जव्हारकडच्या बाजारांत फिरते, मोगरा आणि मिरचीवाल्यांना पेट्या विकते. पहिलंच वर्ष. तिने उलट मलाच विचारलं, "यादी वाचणार काय, ताई?"

मी विषय बदलून जेवणात काय हवं ते विचारलं.

"वाचली तर मी सोमवारपासून येणार नाय. आदीच सांगते. मागनं फोन करू नका."

आवाज एकदम शांत. रडली असती तर बरं वाटलं असतं.

७ एप्रिल

सरांना सांगितलं, यादी काढा. म्हणाले, "यादीशिवाय कसलं किक-ऑफ? अहमदाबादच्या हेड ऑफिसात मलाही ऐकावी लागते." चहा तसाच टाकून उठले मी. दगड आहे माणूस!

११ एप्रिल, शनिवार

जागा मिळाली! आमच्या गावचा, दांडीचा किनारा. भर दुपारी जाऊन बघितली — ही एवढी मोकळी वाळू, सपाट, कोरडी. मांडव मधोमध. फोटो सरांना पाठवले. अठराला साडेदहा ते चार. साडेबारा ते एक — यादी. तो रकाना सगळ्यात शेवटी टाइप केला.

१२ एप्रिल

बाबांना फोटो दाखवला. त्यांनी लांब धरून बघितला आणि हसले. "शनवारी इथं बोयटं मासं बसतील तुज्या खुर्च्यांवर."

अमावस्या सतराला! अठराला उधाण! आणि मी, कोळ्याची पोर, भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांतली ओहोटीची वाळू बघून मांडव ठरवून आले! ऑफिसजवळ सालवडला खोली घेऊन चार वर्षं काय राहिले, समुद्र म्हणजे सुट्टीची सहल समजायला लागले. लाज वाटली.

बाबांनी बोटांवर हिशेब केला. "तितीची पाऊणपट करायची. प्रतिपदा म्हंजे एक. एकाची पाऊणपट पाऊण. पाऊण वाजता पानी पुरं भरंल."

लहानपणापासून ऐकतेय हे. आज पहिल्यांदा नीट ऐकलं.

१३ एप्रिल

सरांना चूक कबूल केली. मांडव वर, सुरूंच्या सावलीत. आणि विचारलं — पाऊण वाजता सगळ्यांना पाणी बघायला नेऊ? सरांनी कागदावरचा साडेबाराचा रकाना खोडला. "ठीक आहे. आधी समुद्र, मग यादी."

१८ एप्रिल

काय लिहू?

सकाळी बाबांनी एक जुनी काठी वाळूत रोवली. "इथवर येईल. पुढं नाय." पाणी तेव्हा इतकं लांब होतं की जितेश म्हणाला, "काका, पैज!" बाबा नुसते हसले.

भाषण नाही, स्लाइडा नाहीत. प्रत्येकाने आपली एक विक्री सांगायची, बस! बुधी तीन आठवडे एकाच मोगरावालीकडे जात होती. पहिल्या दोन खेपांना नुसत्या कळ्या खुडू लागली तिच्याबरोबर. तिसऱ्या खेपेला बाईनेच विचारलं, ती पेटी कशी दिली? कुणी टाळी वाजवली नाही. सगळे तिच्याकडे बघतच राहिले.

साडेबारानंतर काठीपाशी उभे राहिलो. मी मांडव घालणार होते तिथे कमरेएवढं पाणी! लाट येत होती, जात होती, दरवेळी वीतभर पुढे. मोबाइल खाली गेले. पाऊण वाजता एक लाट आली, काठीला फक्त भिजवून गेली. पुढची मागे राहिली. त्याच्या पुढचीही.

ना यंत्र, ना मोबाइल. माझे बाबा! आयुष्यभर मी त्यांच्याबद्दल नुसतं 'मासे मारतात' म्हटलं.

बुधी पुढे आली. "बाबा, उद्या?"

"दोनाची पाऊणपट. दीड."

"परवा सव्वादोन," ती म्हणाली. बाबांनी तिच्या पाठीवर थाप मारली, "ही शिकली बगा!"

सर काठीशेजारी बूट घालूनच उभे होते, बूट ओले. खिशातून यादी काढली. बुधीने मान खाली घातली नाही, सरळ बघत राहिली. त्यांनी कागदाकडे बघितलं, समुद्राकडे बघितलं, कागद घडी करून परत ठेवला.

"जेवायला बसू या," म्हणाले.

२० एप्रिल, सोमवार

बुधी आली!!

२७ एप्रिल

सरांचा आज शेवटचा दिवस होता. फाइल लावताना पत्र दिसलं. अहमदाबादच्या बैठकीत सहा शाखांची यादी वाचली गेली, त्यात आमची शेवटची, म्हणून सरांनी महिना संपायच्या आत नोकरी सोडावी. पत्राची तारीख १५ एप्रिल.

म्हणजे वाळूत उभे होते तेव्हा त्यांना माहीत होतं. आणि मी त्यांना दगड म्हटलं!

जाताना त्यांनी एकच विचारलं — ती काठी मिळेल का?

बाबांना फोन केला. म्हणाले, "काठी कशाला? साहेबांनाच घेऊन ये जेवायला."