ग्रेव्ही अंडी घालणार

१ मार्च
आजपासून रोज लिहिणार. लिहिलं की डोक्यात शिस्त येते, असं शाळेतले एक सर म्हणायचे. त्यांच्या खुर्चीत मी एकदा मेलेला बेडूक ठेवला होता, पण मुद्दा बरोबर आहे.
माझे दोन्ही कॉर्न स्नेक, म्हणजे बिनविषारी पाळीव साप, आज गॅरेजमधनं माझ्या खोलीत आणले. हिवाळाभर खोक्यात गारठून, न खाता पडून होते. बिस्किट नर, ग्रेव्ही मादी. पप्पांनी टेक्सासला जाताना दिलेत. म्हणाले, जोडी आहे, पिल्लं काढ, जुलैत येतो, मग पिल्लं घेऊन आपण दोघं सापांच्या प्रदर्शनाला जाऊ.
प्लॅन: खायला घालायचं, जोडी लावायची, अंडी, जुलै. एवढंच.

४ मार्च
पाळीव प्राण्यांच्या दुकानातली डॅनेट म्हणाली, आधी उंदराचं छोटं पिल्लू दे, त्यांची पोटं अजून झोपेतच असतात. दुकानदार असंच बोलणार. मी फ्रीझरमधनं गोठवलेला मोठा उंदीर काढला. बर्फ निघेना, म्हणून लोरेटाताईच्या हेअर ड्रायरने शेकला. ग्रेव्हीने एका दमात गिळला. बघितलंस, डॅनेट?

६ मार्च
ग्रेव्ही ओकली. वास आख्ख्या घरात. ओकली म्हणजे काय, चव घेऊन परत केला. दुसरा वास, शेकलेल्या उंदराचा, लोरेटाच्या केसांना होता. ती म्हणाली, पुन्हा ड्रायरला हात लावलास तर तो चालू करून तुझ्या नरड्यात घालीन. मी म्हटलं, ताई, उंदीर तक्रार करत नव्हता.
डॅनेट म्हणे, आता दीड-दोन आठवडे काही देऊ नको. तसंही मी तेच ठरवलेलं.

१९ मार्च
उंदराचं एकेक पिल्लू दिलं. दोघांनी खाल्लं. म्हणजे माझी पद्धत बरोबर.
गोठवलेले उंदीर पीच आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात ठेवले होते. जागा वाचावी म्हणून. थोडं गंमत म्हणूनही. आईच्या चर्चच्या बायका आल्या, आईने डबा टेबलावर ठेवून झाकण काढलं. आई म्हणाली, नालायका, पास्टरची बायको चमचा घेऊन बसली होती रे. मग स्वयंपाकघरात जाऊन गुपचूप हसली. मी बघितलं. पप्पा गेल्यापासून पहिल्यांदाच.
पप्पांना फोन लावला. उचलला नाही. टेक्सासला रेंज नसते. लोरेटा म्हणाली, टेक्सासला सगळ्यांना रेंज असते. तिला भूगोल येत नाही.

५ एप्रिल
दोघांनी कात टाकली. कात टाकली की मादी तयार असते, म्हणजे मुहूर्त. बिस्किटला ग्रेव्हीच्या काचेच्या पेटीत सोडलं. तो तिच्या अंगाला पीळ घालून तिचं डोकं खाली दाबायला लागला. मग तिने त्याचं दाबलं. कुस्तीच वाटत होती. पण प्रेमातला माझा अनुभव कमी आहे. दिवा बंद करून बाहेर आलो, रेडिओ लावून दिला. कुणाला तरी एकांत पाहिजेच.

१४ एप्रिल
दोघंही खात नाहीत. उंदीर नाकाला लावला तरी तोंड फिरवतात. मला आनंद झाला. नर माजावर आला की खाणं सोडतो. मादी गाभण राहिली की तीही सोडते. दोन्ही पुरावे हातात.
आईच्या केकच्या डब्यात ओलं शेवाळ भरून अंड्यांची जागा केली. पप्पांना मेसेज टाकला: ग्रेव्ही अंडी घालणार. उत्तर आलं. नुसता अंगठा. अंगठा म्हणजे येणार. नसते येणार तर लिहिलं असतं.

२ मे
अंडी नाहीत. उशीर करतेय. पहिलटकरीण आहे.
आज आई पलंगाच्या कडेला येऊन बसली. केकचा डबा मागेल वाटलं. म्हणाली, पप्पा येवो न येवो, तू वेळेवर जेवत जा. मी म्हटलं जेवलो. जेवलो नव्हतो. भूक नसते हल्ली. उकाडा आहे. आमच्या जॉर्जियात मे महिन्यात असंच असतं.

१६ मे
ग्रेव्ही फार रोडावली. डॅनेटने कधीतरी सांगितलं होतं, अंडी पोटात अडकली तर मादी मरते. आज तेच डोक्यात फिरायला लागलं. उशीच्या अभ्र्यात घालून तिला दुकानात नेली.
डॅनेटने शेपटीखाली हळूच बारीक सळई घालून बघितलं. मग शेपूट बोटांनी चाचपली. मग हसायला लागली. म्हणाली, हा नर आहे. बिस्किटलाही आणायला लावलं. तोही नर. म्हणाली, वा रे पठ्ठ्या, दोन नवरदेव घोड्यावर बसवलेस आणि नवरीचा पत्ता नाही! मग माझ्याकडे बघून हसायची थांबली. म्हणाली, अरे, मरत नाहीयेत. माज उतरला की खातील.
मी म्हटलं, मला माहीतच होतं, तुझी परीक्षा घेत होतो. ती म्हणाली, बरं.

१७ मे
ठरवलं. पप्पांना इतक्यात सांगायचं नाही. जोडी आहे असं त्यांनी सांगितलेलं, त्यांना उगाच ओशाळवाणं होईल. आधी येऊ देत.

३ जून
पप्पांनी फोन उचलला! मी एका दमात सांगून टाकलं: सोळा अंडी, सगळी पांढरीशुभ्र. ते म्हणाले, शाब्बास रे वाघा! मागे कुणी बाई विचारत होती, कोण आहे? ते तिला म्हणाले, कामाचा फोन आहे. मग मला म्हणाले, जुलैत काही जमायचं नाही बघ. तूच काय ते विकून टाक. मी म्हटलं, काही हरकत नाही, पुढच्या वर्षी. ते म्हणाले, बघू.
फोन ठेवला. काहीच वाटलं नाही. वाटेल म्हणून थोडा वेळ बसलो.
मग उंदीर काढले, कोमट पाण्यात ठेवले. बिस्किटने खाल्ला. ग्रेव्हीनेही खाल्ला.
बरं झालं अंडी नव्हती ते. सोळा पिल्लं घेऊन मी एकटा कुठे गेलो असतो.